काळी गाडी आणि खांद्यावरचा पंचा

एम. एच. २२ पाटीची काळी जीप किंवा काळी मोटारसायकल दारात उभी राहिली की अंगणाला शोभा येते. जमीन आणि घर सोडले तर शेतकऱ्याच्या संसारात सर्वांत मोठा पैसा गुंततो तो या गाडीत, आणि तोही पुष्कळदा कर्जाऊ. पण हप्ते फिटायच्या आधीच गाडीचे तेज जाते. उन्हात तिरके पाहिले तर टपावर आणि बॉनेटवर कोळिष्टकासारख्या बारीक गोल रेघा दिसतात. गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक आधी त्याच रेघांवर बोट ठेवते आणि भाव पाडते. घरातली मंडळी रस्त्याला दोष देतात. खरे पाहता यांतल्या बहुतेक रेघा आपल्याच हाताने पडलेल्या असतात.

सकाळी गाडी काढायची, खांद्यावरचा पंचा ओढायचा आणि धूळ खसाखसा पुसायची, ही आपली जुनी सवय. गंगाखेड भागातली धूळ म्हणजे नुसती माती नव्हे. तीत काळ्या रानाची पूड असते, चुनखडीचे कण असतात आणि गोदावरीची वाळूही असते. वाळू म्हणजे बहुतांशी गारगोटीचा चुरा, आणि गारगोटी तर काचेवरही ओरखडा काढते. मग रंगाचा काय पाड? कोरड्या पंच्याखाली हे कण सापडले की पंच्याचा पॉलिश कागद होतो.

गाडीचा रंग तरी किती जाड असतो? पत्र्यावर अस्तर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लेप, असे सगळे थर मिळून जाडी भरते साधारण एक दशांश मिलिमीटर. वरचा लेप तर डोक्याच्या केसाहूनही पातळ. रेघा पांढऱ्या गाडीवरही पडतातच, पण तिथे त्या लपतात. काळ्या रंगावर रेघेच्या कडेला उजेड फुटतो आणि ती पांढरी चमकते. म्हणून काळी गाडी घेणाराने एवढे एक पथ्य पाळावे, की कोरडी धूळ कधीही पुसू नये. धूळ पाण्याने वाहून न्यावी. तेवढा वेळ नसेल तर धुळीसकट गाडी हाकावी, काही बिघडत नाही!

धुण्याची वेळ सकाळची, ऊन चढण्याआधी. आपल्याकडे वैशाखात पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा उन्हातला काळा पत्रा ७० अंशांच्याही पुढे तापतो. अशा पत्र्यावर पाणी टाकले की ते पुसण्याआधीच वाळते आणि बोअरच्या पाण्यातला क्षार पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने मागे राहतो. बॉनेटवर तळहात सुखाने टेकेल इतका पत्रा निवलेला असावा.

आधी टपापासून खाली नुसते पाणी सोडावे आणि पाच-दहा मिनिटे थांबावे. काळ्या मातीचा गुण प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. कोरडी असली की दगड, भिजली की फुगून लोण्यासारखी मऊ. चाकांवरचा आणि दारांखालचा वाळलेला चिखल खुरप्याने किंवा काडीने खरवडू नये. त्याला भिजू द्यावे, तो आपण होऊन सुटतो.

मग दोन बादल्या घ्याव्यात. एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधे पाणी. फडके शाम्पूत बुडवून एक भाग धुतला की ते आधी साध्या पाण्यात खळखळून पिळावे, मगच पुन्हा शाम्पूत घालावे. असे केल्याने वाळू दुसऱ्या बादलीच्या तळाशी बसते, गाडीवर परत येत नाही. हात गोल न फिरवता सरळ ओढावा. टप आधी आणि खालचा भाग शेवटी. फडके जमिनीवर पडले की ते त्या दिवसापुरते बाद समजावे. बाजारात मिळणारे मायक्रोफायबरचे फडके उत्तम. नसेल तर जुन्या सुती धोतराचा किंवा साडीचा तुकडा चालतो, मात्र काठ आणि शिवण कापून टाकावी. भांड्याची घासणी मुलांच्या हाती लागू देऊ नये. कपड्याच्या पावडरीतला सोडा रंगावरचे मेण धुऊन नेतो, तेव्हा तीही नको. शेवटी गाडी पुसताना घासू नये, कोरडे फडके टेकवून पाणी टिपून घ्यावे.

पाण्याचा हिशेबही ठेवायला हवा. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, ते विसरण्याजोगे नाही. नळी सोडून ठेवण्यापेक्षा चार-पाच बादल्यांत गाडी स्वच्छ होते. गोदावरीच्या पात्रात गाडी उतरवून धुणे तर नकोच. तेल आणि ग्रीस नदीत जाते, आणि पाणी भरायला खाली लोक असतात.

बोअरच्या पाण्याचे डाग पडलेच असतील तर पांढऱ्या व्हिनेगरात तेवढेच पाणी मिसळून फडक्याने हलके टिपावे आणि लगेच धुवावे. चिंच किंवा राख लावू नये. गाडी म्हणजे पितळेचा तांब्या नव्हे. पाखरांची विष्ठा मात्र दिसली त्याच दिवशी काढावी. उन्हाने लेप मऊ पडतो आणि विष्ठेतले आम्ल त्यात खड्डा करते. ओले फडके दहा मिनिटे वर ठेवून ती उचलून घ्यावी, रगडू नये. लिंबाखाली सावली असते खरी, पण पाखरेही तिथेच असतात.

पुष्कळ जण डिझेल किंवा रॉकेलचा बोळा फिरवून गाडी चमकवतात. ती चमक गंगाखेडहून परभणीला जाईपर्यंत टिकते. नंतर त्या तेलकट अंगावर दुप्पट धूळ बसते आणि दारांचे रबर फुगते. डांबराचा ठिपका काढायला रॉकेलचे दोन थेंब चालतील, पण ती जागा लगेच शाम्पूने धुवावी.

चमक हवी तर मेण लावावे. गाडीच्या चांगल्या मेणात कार्नोबा नावाचे मेण असते. ब्राझीलच्या ईशान्येकडील कोरड्या मुलखात एक ताड होतो. पानातला ओलावा उन्हाने उडू नये म्हणून तो पानावर हे मेण धरतो. तिथले शेतकरी पाने कापून वाळवतात आणि झोडून मेण काढतात. ते ८० अंशांच्या पुढे वितळते, म्हणून आपल्या उन्हातही तग धरते. धुतलेल्या, निवलेल्या गाडीवर सावलीत, पोळीला तूप लावतो इतका पातळ हात द्यावा आणि धुरकट दिसू लागले की स्वच्छ फडक्याने पुसावे. पाण्याचे थेंब मोत्यांसारखे गोल उभे राहतात तोवर मेण शाबूत आहे. पाणी पसरू लागले की पुन्हा लावावे.

रबिंग कंपाउंड ही वस्तू वेगळी. मेण रंगावर बसते, कंपाउंड रंग खरवडते. रेघा जातात त्या लेप झिजतो म्हणून, आणि झिजलेला लेप पुन्हा येत नाही. दर दसऱ्याला कंपाउंड मारणे म्हणजे बियाणे दळून खाणे. नख अडकेल इतकी खोल रेघ तर त्याने जातही नाही.

दसऱ्याला गाडीची पूजा जरूर करावी. कुंकवाचे स्वस्तिक मात्र काचेवर काढावे आणि झेंडूची माळ संध्याकाळी सोडावी, कारण वाऱ्याने दोरी पत्र्यावर घासत राहते. प्लॅस्टिकच्या ताडपत्रीचेही तेच. आत धूळ, वर वारा, आणि रात्रभर घासणे चालू. त्यापेक्षा पत्र्याची पडवी बरी.

मोटारसायकलची टाकी खराब होते ती पट्ट्याच्या बकलाने, तर मागची बाजू दुधाच्या किटलीने. किटलीला जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली की काम भागते. बिनचमकीचा काळा रंग असेल तर मेण किंवा पॉलिश अजिबात लावू नये, रंगावर चट्टे पडतात.

खडी लागून टवका उडाला आणि पत्रा उघडा पडला तर पावसाळ्याची वाट पाहू नये. खताची पोती वाहणाऱ्या गाडीला गंज लवकर धरतो. गाडीवरच्या पट्टीत रंगाचा क्रमांक दिलेला असतो, तो सांगून टचअपची छोटी बाटली आणावी. जागा धुऊन, वाळवून बारीक कुंचल्याने एक थेंब भरावा, वाळला की दुसरा. उरलेली बाटली झाकण घट्ट लावून, लेकरांच्या हाताला लागणार नाही अशी फळीवर ठेवावी.