नगराची भूमी कोणाची?

घराला धनी असतो, शेताला धनी असतो. पण तळ्याचा काठ, खेळाचे मैदान, बाजारातील मोकळी जागा यांचा धनी कोण? ‘सरकार’ असे उत्तर आपण चटकन देतो. ते खोटे नसले, तरी अपुरे आहे. कसे, ते आपल्या माळव्यातील दोन नगरांच्या आधारे पाहू.

धार आणि देवास ही पवारांची संस्थाने. देवासला तर थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन गाद्या एकाच गावात नांदत, आणि त्यांची हद्द शहराच्या रस्त्यांतूनच जात असे. त्या काळी जमीन इनाम देणे हा राजाच्या मर्जीचा विषय होता. १९४८ साली ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, व १९५६ मध्ये मध्य प्रदेशाचा भाग बनली. मर्जीची जागा कायद्याने घेतली.

देवासच्या नगर निगमास १९५६ चा आणि धारच्या नगरपालिकेस १९६१ चा अधिनियम लागू आहे. दोहोंचे तत्त्व एकच: रस्ते, जमिनी, सार्वजनिक जागा आणि नाले नियमांबाहेर जाऊन विकता येत नाहीत, की भाडेपट्ट्याने देता येत नाहीत. निवडून आलेले सभासद हे या भूमीचे मालक नव्हेत, विश्वस्त होत. अज्ञान मुलाची मिळकत सांभाळणारा पालक ती आपल्या स्नेह्यास देऊन टाकू शकत नाही, तद्वतच हे आहे.

म्हणून जागा देण्यापूर्वी काही प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. पहिला प्रश्न, जागा खरोखर कोणाची? शहरातील पुष्कळशी जमीन नझूल, म्हणजे शासनाची असते. ती नगरपालिकेला परस्पर देता येत नाही. दुसरा, ती कशासाठी राखलेली आहे? विकास आराखड्यात उद्यान म्हणून दाखविलेल्या जागेवर दुकाने बांधावयाची, तर आधी आराखडाच रीतसर बदलावा लागतो. तिसरा, ती कोणत्या मार्गाने द्यावयाची? सामान्य रीत अशी की, किमान किंमत ठरवावी, जाहीर सूचना द्यावी, आणि लिलाव करावा किंवा निविदा मागवाव्यात. ठराविक मर्यादेपलीकडील व्यवहारास वरिष्ठांची मंजुरी लागते. चौथा, कोणत्या अटींवर? भाडेपट्ट्यात मुदत, भाडे व उपयोग लिहिलेला असतो. अट मोडल्यास पट्टा रद्द करता येतो; विकलेली जमीन मात्र सहसा परत येत नाही.

‘पण काम चांगले असेल, तर एवढा खटाटोप कशाला?’ असे कोणी विचारील. याचे उत्तर आपल्याच राज्यातील एका खटल्यात सापडते. भोपाळजवळील बावडिया कलां येथील वीस एकर शासकीय जमीन एका न्यासाला संस्था उभारण्यासाठी देण्यात आली होती. जाहिरात नव्हती, इतरांकडून अर्ज मागविले नव्हते. एप्रिल २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द केले. शैक्षणिक वा सामाजिक कार्य करणाऱ्या संस्थेलाही केवळ तिने अर्ज केला म्हणून जमीन देता येत नाही. सर्वांस समान संधी मिळाली पाहिजे, असा त्याचा आशय आहे. काम चांगले असेल; पण तेच काम करू इच्छिणारा दुसरा कोणी नव्हता, हे न विचारता कसे कळावे?

ही दृष्टी आपल्याला परकी नाही. आमच्या गोमंतकात गावकरीची शेते सबंध गावसमूहाची मानली जात, आणि ती ठरलेल्या मुदतीने जाहीर लिलावात कसावयास दिली जात. त्या लिलावास कोकणीत ‘पावणी’ म्हणतात. बोली सर्वांसमक्ष होई. त्यामुळे कोणास काय मिळाले, हे गावाला ठाऊक असे.

आता धारकडे पाहा. ‘साडेबारा तळ्यांचे गाव’ ही तिची जुनी ख्याती. मुंज तलाव आणि देवीसागर ही त्यांतील प्रसिद्ध नावे. तळे कोणी विकत घेत नाही. ते काठाकाठाने आटते. आज एक टपरी, उद्या भराव, परवा पक्के घर. जानेवारी २०११ मध्ये पंजाबातील एका गावतळ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, तळे बुजवून केलेले अतिक्रमण पैसे भरून नियमित करून देण्यास नकार दिला. कारण सरळ आहे. पैसे नगरपालिकेच्या तिजोरीत जातील, परंतु विहिरींचे पाणी गावाच्या हातून जाईल.

जाहीर सूचनेचे महत्त्व येथेच आहे. नगरपालिकेच्या फलकावर किंवा वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ती छापलेली असते, आणि हरकत घेण्याची मुदत थोड्या दिवसांची असते. वडीलधाऱ्यांना ती वाचण्यास सवड नसेल, तर तुम्ही वाचून दाखवा. कोणती जागा, किती, कोणास, किती वर्षांसाठी आणि काय किमतीस, एवढे पाच शब्द त्यात शोधा. त्यांतील एकही सापडला नाही, तर विचारण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास आहे. कारण देणारा हात कोणाचाही असो, दिली जाणारी भूमी आपणा सर्वांची आहे.