उकाड्यात आडवी पडणारी माशी



मे महिन्यात आमच्या नालासोपाऱ्यात दुपारी पारा ३३ अंशांच्या आसपास असतो. आमरस काढून उरलेल्या कोयी ओट्यावर तासभर राहिल्या, की त्यांवर बारीक चिलटे घोंघावू लागतात. त्यांतली पुष्कळशी ड्रॉसोफिला कुळातील फळमाश्या असतात. उकाड्याची त्यांना फिकीर नसते. परंतु याच कुळातील एका माशीची गोष्ट निराळी आहे. तापमान २९ अंशांवर गेले की ती लुळी होऊन आडवी पडते आणि २२ अंशांत आणताच उठून चालू लागते! कॅनडातील डेव्हिड सुझुकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली ही माशी शोधली. तिच्यातील बिघडलेल्या जनुकाला 'पॅरा' म्हणतात.

असे का व्हावे? उत्तर पदार्थविज्ञानात आहे. मज्जातंतूतून संदेश जातो तो विजेच्या रूपाने. मात्र तारेतल्यासारखा इलेक्ट्रॉनांचा प्रवाह तेथे नसतो. तंतूच्या पटलाची आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असते. आकडा क्षुल्लक वाटतो ना? पण पटलाची जाडी असते एका मिलिमीटरच्या जेमतेम दोन लाखाव्या भागाइतकी. भागाकार करून पाहा: दर मीटरला सुमारे १ कोटी ४० लाख व्होल्ट! हवेत ठिणगी पडायला ३० लाख पुरतात.

या पटलात प्रथिनांची सूक्ष्म दारे असतात. विभवांतर घटले की ती उघडतात, बाहेरचे सोडियमचे धन आयन आत शिरतात, त्यामुळे शेजारचे विभवांतर घटते आणि तेथील दारे उघडतात. असा संदेश पुढे सरकतो. पॅरा माशीत उष्णतेने ही दारे पुरेशी कामी येत नाहीत. पाय शाबूत, स्नायू शाबूत. पण हुकूमच पोहोचत नाही.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ साली रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू करणारे डॉ. ओबेद सिद्दिकी यांनी अमेरिकेतील सीमोर बेंझर यांच्याबरोबर उष्णतेने लुळ्या पडणाऱ्या माश्यांच्या मज्जातंतूंतील दोष मोजले. त्यांचा निबंध १९७६ साली प्रसिद्ध झाला. पॅरा जनुक सोडियमच्या दाराचेच प्रथिन घडवते, हे १९८९ साली कळले.

माशीचा एवढा खटाटोप कशासाठी? आपल्याही मेंदूत अशीच दारे आहेत. ड्रॅव्हे नावाच्या विकारात बहुतेक रुग्णांच्या एका सोडियम-दाराचे जनुक बिघडलेले असते. मेंदूचा लगाम धरणाऱ्या पेशी त्यामुळे दुबळ्या पडतात आणि तान्ह्या मुलाला ताप आला की आकडी येते. तापातली प्रत्येक आकडी या विकाराची नसते. पण जिला हा विकार आहे तिच्यावर उपचार करताना कोणते दार बिघडले, हे ठाऊक असावे लागते. काही औषधे सोडियमची दारे आणखी बंद करतात आणि अशा मुलांची आकडी वाढवतात.

"गणित घेतले, जीवशास्त्र सुटले, आता मेंदूचा अभ्यास कसला?" असे विद्यार्थी मला नेहमी विचारतात. वरील हिशेबात जीवशास्त्र किती आणि पदार्थविज्ञान किती, ते तुम्हीच सांगा! टाटा संस्था आज अभिमत विद्यापीठ आहे. महाविद्यालयात गेल्यावर तेथील उन्हाळी संशोधन उपक्रमासाठी अर्ज करता येतो. मज्जाविज्ञान हा तेथील एक विषय आहे. नालासोपाऱ्याहून चर्चगेट सुमारे ५५ किलोमीटर, पुढे बसने नेव्हीनगर. देशातील तीन विज्ञान अकादम्या मिळून दोन महिन्यांची उन्हाळी शिष्यवृत्तीही देतात. शिक्षकबंधू-भगिनींनो, ती तुमच्यासाठीही आहे. अटी मात्र त्या त्या वर्षी पाहून घ्याव्यात.

तोवर एक करा. कोयीवरचे चिलट हाकलण्यापूर्वी क्षणभर पाहा. ३३ अंशांतही ते उडते आहे, म्हणजे त्याची दारे ठीक उघडत आहेत.