गळ्यात गोटी अडवलेली बाटली

जुन्या बाजारात गोटी सोड्याची बाटली हातात आली की बहुतेक जण आधी गोटी वाजवून बघतात. तिचा इतिहास हवा असेल तर अक्षरं वाचावीत. पोटावर ठसठशीत नाव असतं ते सोडा विकणाऱ्याचं. काच ओतणाऱ्याचं नाव तळालगत किंवा पाठीवर, बारीक अक्षरांत. दोघांची गावं पुष्कळदा वेगळी निघतात, आणि वय सांगण्यात मला दुसरं नाव जास्त भरवशाचं वाटतं. इंग्लंडमधल्या बार्न्सलीच्या बाटल्याच घ्या. ‘रायलंड्स अँड कॉड’ असं असेल तर बाटली साधारण १८७७ ते १८८४ मधली. नुसतं ‘डॅन रायलंड्स’ असेल तर भागीदारी मोडल्यानंतरची.

यातला कॉड म्हणजे हायरम कॉड, १८३८ साली जन्मलेला इंग्लिश इंजिनिअर. त्या काळी सोड्याच्या बाटलीला बूच लागे. बूच सुकलं की आकसे आणि वायू निसटे. म्हणून बूच ओलं राहावं यासाठी तळ निमुळता ठेवलेल्या, उभ्याच न राहणाऱ्या, आडव्या ठेवायच्या बाटल्या निघाल्या होत्या. कॉडने १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला पेटंट घेऊन बूचच काढून टाकलं. तोंडाच्या आत खोबण, खोबणीत रबराची चकती, गळ्यात काचेची गोटी. बाटली उलटी धरून भरायची. गोटी चकतीवर येते आणि सुलटी केल्यावर आतला वायूच तिला तिथे दाबून धरतो. ज्याला कोंडायचं त्याच्याकडूनच दार लावून घेणारी ही युक्ती मला आजही थक्क करते. गोटी आत ढकलली की ती चिमटलेल्या गळ्यात थांबते, खाली जात नाही. गळ्याला एका बाजूने दोन खळगे असतात. ती बाजू खाली धरून ओतलं तर गोटी त्यांत टेकते आणि धार तुटत नाही.

गोटी तोंडापेक्षा मोठी, मग आत गेली कशी? तोंड मोठं असतानाच ती सोडतात आणि मग काच पुन्हा तापवून ओठ हत्याराने वळवतात. त्यामुळे साच्याची शिवण ओठाखालीच पुसली जाते. एरवी जुन्या बाटल्यांच्या बाबतीत शिवण ओठावरून गेलेली असेल तर यंत्रावरची, म्हणजे ओवेन्सच्या बाटल्या बनवणाऱ्या १९०३च्या यंत्रानंतरची, असा ठोकताळा आहे. गोटीच्या बाटलीला तो लावू नये. आपल्याकडे ही बाटली एकविसाव्या शतकातही बनत राहिली, म्हणून पुसलेली शिवण दाखवून कोणी शंभर वर्षांचा भाव सांगितला तर हात आखडता घ्यावा.

सोडेवाल्याचं नाव शोधायला जुन्या व्यापारी डिरेक्टऱ्या आणि वर्तमानपत्रांतल्या जाहिराती कामी येतात. आपल्याकडे हा धंदा मुख्यतः पारशांनी वाढवला: मुंबईत पालनजी १८६५पासून, पुण्यात अर्देशीर १८८४पासून, मग १८८९ साली मुंबईतलं ड्यूक्स. १८९२ साली अमेरिकेत विल्यम पेंटरने पत्र्याच्या बिल्ल्याचं पेटंट घेतलं आणि इंग्लंडमधून गोटी हळूहळू गेली. जपानमध्ये ‘रामुने’ या पेयाच्या बाटलीत ती आजही आहे, आपल्याकडे गाड्यांवर आहे.

अखंड जुन्या बाटल्या मात्र कमी सापडतात, कारण पोरांनी त्या गोटीसाठी फोडल्या. जुन्या उकिरड्यात मिळतात ते बहुतेक तुकडे. त्यांतला अक्षरं असलेला प्रत्येक तुकडा उचलावा; कारखान्याचं नाव वाचता आलं तर साल ठरवायला तोही पुरतो.