पाणबुड्याची ऊब

पुण्यात हवेचे तापमान 28 अंश सेल्सिअस असले, तर साध्या सदऱ्यात आपण मजेत बसतो. तारकर्लीच्या समुद्राचे पाणी साधारण तेवढेच उबदार असते, पण त्यात तासभर बुडी मारून राहिलेल्या पाणबुड्याला हुडहुडी भरू लागते! कारण पाणी हवेपेक्षा सुमारे 24 पट उष्णतावाहक आहे.

पुण्याच्या रोहन मोरे यांनी 2018 पर्यंत जगातल्या सात अवघड खाड्या पोहून पार केल्या. त्यांतली आयर्लंड-स्कॉटलंडमधली तर फार गार. तरीही अंगात रबरी पोशाख नव्हता. ऊब पुरवली ती सतत हलणाऱ्या स्नायूंनी. पाणबुड्याला मात्र नळकांड्यातली हवा पुरवून वापरायची असते. तो संथ हालतो, म्हणून त्याला पोशाख हवाच.

निओप्रीन रबराच्या पोशाखात शिरलेले पाणी ऊब देते, असे पुष्कळदा सांगतात. ते अर्धेच खरे. उष्णता अडवतात ते रबरातले नत्रवायूचे असंख्य बुडबुडे. आता बॉईलचा नियम आठवा. 10 मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, बुडबुडे आकसतात आणि जिथे गारठा अधिक, नेमका तिथेच पोशाख पातळ होतो!

म्हणून बर्फाळ पाण्यात ‘कोरडा’ पोशाख वापरतात. तो मानेशी व मनगटाशी घट्ट असतो, आत लोकरी कपडे. खाली जाताना त्यात थोडी थोडी हवा भरतात. वर येताना ती प्रसरण पावते. वेळीच बाहेर सोडली नाही, तर पाणबुड्या फुग्यासारखा वर फेकला जातो आणि त्याच्या फुप्फुसांना इजा होऊ शकते.