चाळीस चोरांचा डाव

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारी घराबाहेर पडायची सोय उरत नाही. रेल्वेतून निवृत्त झालेले आमचे शेजारी काका या वेळात पत्त्यांचा पेशन्स लावतात. एका कॅटचा पेशन्स बऱ्याच जणांना येतो. 1990 साली विंडोजबरोबर सॉलिटेअर आला आणि तो कचेऱ्या-कचेऱ्यांत पोचला. काकांचा डाव दोन कॅटांचा. नाव ‘चाळीस चोर’. सेंट हेलेना बेटावर 1815 ते 1821 कैदेत असलेल्या नेपोलियनचं नावही या डावाला चिकटलंय, पण तो हाच डाव खेळायचा ही सांगोवांगी.

जोकर काढले की 104 पानं उरतात. ती एका मुठीत मावत नाहीत, म्हणून काका चार भाग करतात, दोन-दोन भाग एकत्र पिसतात आणि पुन्हा आपसांत बदलतात. पंखा बंद, कारण एक झोत आला की मांडणी गेली. खाली सोलापुरी चादर अंथरलेली. फरशीवर पान नखाने खरवडून उचलावं लागतं. चादरीवर कड दाबली की दुसरी कड आपोआप वर येते.

मग दहा रांगा, प्रत्येकीत चार पानं, सगळी उघडी. हेच ते चाळीस चोर. हातात 64 पानं राहतात. आठ एक्के सुटतील तसे वर मांडायचे आणि त्यांच्यावर दुर्री, तिर्री करत राजापर्यंत चढायचं. रांगेत मात्र उतरत यायचं, तेही त्याच रंगात: बदाम दश्शीवर फक्त बदाम नव्वी. एका वेळी एकच पान हलवायचं. हातातलं पान उघडून कुठेच बसलं नाही, तर ते बाजूच्या चळतीवर टाकायचं. चळतीतलं फक्त वरचं पान वापरता येतं आणि हातातली गड्डी एकदाच फिरते. नियम एवढेच. ते पाच मिनिटांत कळतात. डाव सुटायला लागतो तो फार नंतर.

नवखा माणूस दिसेल ते पान दिसेल तिथे लावतो. किलवर पंजी दिसली, किलवर छक्की मोकळी आहे, माझा हात पुढे जाणारच. काका म्हणाले, “काय करलालास बे? त्या पंजीखाली काय हाय बघ की आधी.” खाली इस्पिकचा राजा. रांगांमध्ये राजा कुठल्याच पानावर बसत नाही, त्याला रिकामी रांगच लागते. म्हणजे पंजी हलवून काहीच सुटणार नव्हतं, उलट छक्की झाकली गेली असती. शिवाय दोन कॅट असल्यामुळे प्रत्येक पानाला जुळं असतं. दुसरी किलवर पंजी शेजारच्या रांगेत वरच होती आणि तिच्याखाली चौकट एक्का अडकलेला. छक्कीवर जागा एकच, ती कुठल्या पंजीला द्यायची हा खरा प्रश्न. या डावातले निम्मे निर्णय असेच, जुळ्यांपैकी कोण, याचे असतात.

दुसरी गोष्ट रिकाम्या रांगेची. चार पानं उपसून एक रांग मोकळी केली की नवखा तिथे लगेच काहीतरी ठेवतो. काका ती जपतात. एकेक पान हलवायच्या नियमात रिकामी रांग म्हणजे कुणी येऊन बसण्याची नव्हे, सामान उतरवून ठेवण्याची फलाटावरची जागा. एक रांग रिकामी असेल तर लागून असलेली दोन पानं दुसऱ्या रांगेवर नेता येतात. दोन असतील तर तीन नव्हे, चार: वरची दोन आधी दोन्हींत ठेवायची, मग एकावर एक चढवून एक रांग परत मोकळी करायची, तिच्यातून खालची दोन न्यायची आणि शेवटी पहिली दोन. हे कागदावर न मांडता बोटांना कळायला लागतं, तेव्हा चाळीस पानांचं कोडं एकदम सैल झाल्यासारखं वाटतं.

चळतीचा हिशेब त्याहून अवघड. टाकलेलं प्रत्येक पान खालच्याला गाडतं. म्हणून पुढचं पान उघडण्याआधी काका थांबतात, सगळ्या रांगांवरून नजर फिरवतात आणि चळतीत लागोपाठ काय गेलं ते पुटपुटतात. संगणक चुकीची चाल होऊच देत नाही. चादरीवर अडवणारं कुणी नसतं. चळतीतलं मधलं पान सरकवलं तरी कळणार आपल्यालाच.

बहुतेक डाव अडतात. अडला की पानं गोळा करायची नाहीत, ही काकांची सक्त ताकीद. चळत उलटी करून बघायची, रांगा उलगडायच्या, हवं असलेलं पान कुठे होतं ते शोधायचं. कधी दोन्ही इस्पिक एक्के हातातल्या गड्डीच्या तळाशी निघतात. तिथे कुणाचंच काही चालत नाही. कधी दुर्री आपणच घाईने चळतीत गाडलेली असते. काका दुसऱ्या जातीचे डावच मोजतात. त्यांचा हिशेब असा, की ते कमी व्हायला लागले म्हणजे खेळ यायला लागला, मग सुटलेले डाव कितीही थोडे असोत.