घटसर्पाचे पुनरागमन

1991 च्या डिसेंबरात सोव्हिएत संघराज्य विसर्जित झाले, तेव्हा मॉस्कोतील रुग्णालयांची एक वीटसुद्धा ढळली नव्हती. डॉक्टर आणि खाटा यांच्या संख्येत तर तो देश युरोपातील बहुतेक राष्ट्रांच्या पुढे होता. आणि तरीही जवळजवळ नामशेष झाला असे मानलेला घटसर्प पुढील काही वर्षांत त्या संघराज्याच्या भूमीवर दीड लाखांहून अधिक माणसांच्या घशाला लागला व सुमारे पाच हजारांचे प्राण घेऊन गेला.

पहिले आरोग्यमंत्री निकोलाय सेमाश्को यांनी 1918 पासून घालून दिलेल्या व्यवस्थेत प्रत्येक वस्तीला नेमून दिलेला डॉक्टर, खेडोपाडी फेल्डशर नावाचा वैद्यकीय साहाय्यक आणि सर्वांना विनामूल्य उपचार, असा मोठा लोकोपकारी बंदोबस्त होता. मात्र औषधांपासून पगारापर्यंत सारी सूत्रे केंद्राच्या हाती होती. केंद्र नाहीसे होताच ज्या प्रजासत्ताकांत लस तयार होत नव्हती, त्यांना ती परक्या देशाकडून विकत घेणे भाग पडले, आणि तिजोरीत तर खडखडाट! शिवाय ही लस अतिशय नाजूक: ती 2 ते 8 अंश तापमानातच राहावी लागते, आणि वाटेत एकदा गोठली की बाटली वरून धडधाकट दिसली तरी आतले सत्त्व गेलेले असते. घशात करडा पापुद्रा धरून श्वास कोंडणाऱ्या आणि हृदयापर्यंत विष पोहोचविणाऱ्या या रोगावर प्रतिविष पहिल्या एकदोन दिवसांत मिळाले तर ठीक. उशीर झाला की ते निरुपयोगी ठरू लागते.

सगळे खापर राज्यक्रांतीच्या माथी फोडणे मात्र अन्यायाचे होईल. किरकोळ कारणांवरून मुलांना लसीतून सूट देण्याची सवय तेथील डॉक्टरांना आधीच जडलेली होती. प्रौढांची प्रतिकारशक्ती ओसरलेली होती, आणि म्हणूनच या साथीतील बहुसंख्य रुग्ण मुले नव्हती, प्रौढ होते. दुखणे जुने होते. उलथापालथीने ते उघड्यावर आणले, आणि ताजिकिस्तानसारख्या यादवीत सापडलेल्या मुलुखात तर त्याला मोकळे रान मिळाले.

आरोग्यसेवेची ही आर्थिक चणचण भागविण्यासाठी रशियाने 1993 पासून वेतनाच्या 3.6 टक्के रक्कम मालकांकडून आरोग्यविम्यासाठी वसूल करण्याची योजना अमलात आणली. कागदावर ती निर्दोष होती. पण जो कारखाना स्वतःच्या मजुरांना महिनोन्‌महिने पगार देत नाही, तो विम्याचा हप्ता कोठून भरणार?

प्रौढांनाही सरसकट लस टोचण्याच्या मोहिमेने, परदेशी साहाय्याच्या जोरावर, 1995 नंतर साथ ओसरली. परंतु रशियन पुरुषाचे सरासरी आयुर्मान, जे 1987 च्या सुमारास जवळपास 65 वर्षे होते आणि 1994 मध्ये 58 च्याही खाली घसरले, ते पूर्वीच्या पातळीवर येण्यास त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे लागली.