हजेरीचे यंत्र आणि स्वमग्न कर्मचारी : कामाच्या ठिकाणच्या तंत्रज्ञानाचे राजकारण

प्रस्तावना

स्वमग्नतेविषयीचे मराठी लेखन प्रामुख्याने बालपण, निदान, विशेष शाळा आणि पालकांची परवड यांभोवती फिरत आले आहे. स्वमग्न मूल मोठे होते आणि त्यालाही काम हवे असते, ही बाब त्यात अभावानेच आढळते. दुसरीकडे कार्यालयांतील नव्या तंत्रज्ञानाची चर्चा कार्यक्षमता व पारदर्शकता या दोन शब्दांपाशी संपते. या दोन विषयांना जोडणारा दुवा अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात संशोधन केलेल्या अभ्यासक ऑस कीज यांच्या 2020 मधील ‘ऑटोमेटिंग ऑटिझम’ या निबंधात सापडतो. प्रस्तुत लेखात त्या निबंधाचा आशय स्पष्ट करून कामाच्या ठिकाणाच्या, विशेषतः आपल्याकडील परिस्थितीच्या संदर्भात तो तपासला आहे.

यंत्रांना राजकारण असते काय?

हा प्रश्न लँग्डन विनर यांनी 1980 मध्ये ‘डेडालस’ या नियतकालिकात विचारला. त्यांनी दिलेल्या उदाहरणांपैकी एक कारखान्यातील आहे. 1880 च्या दशकाच्या मध्यास शिकागो येथील मॅकॉर्मिक यांच्या कापणी-यंत्रांच्या कारखान्यात हवेच्या दाबावर चालणारी नवी साचेयंत्रे बसविण्यात आली. त्यांवर सुमारे पाच लाख डॉलर खर्च झाला. या यंत्रांचे ओतकाम जुन्या पद्धतीपेक्षा निकृष्ट होते व खर्च अधिक येत होता. तीन वर्षांत ती काढून टाकावी लागली. परंतु तोपर्यंत त्यांचे काम झालेले होते. कुशल साचेकारांची जागा अकुशल मजुरांनी घेतली होती आणि साचेकारांची संघटना मोडली होती. म्हणजे यंत्र उत्पादनाच्या कसोटीवर नापास होऊनही सत्तेच्या कसोटीवर उत्तीर्ण झाले. कार्यालयाच्या भिंतीवरील हजेरीयंत्राकडे पाहताना हे उदाहरण ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरते. ते यंत्र हजेरी तर घेतेच, शिवाय हजर असणे कशाला म्हणावे हेही तेच ठरविते.

कीज यांचे प्रतिपादन

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नीतिशास्त्रात साधारणतः एकच प्रश्न विचारला जातो : यंत्रणा सर्व गटांना सारखा न्याय देते काय? चुकांचे प्रमाण एका गटात अधिक असेल तर ते कमी करावे, म्हणजे प्रश्न सुटला. कीज यांच्या मते हा वाटपाचा न्याय झाला. परंतु अन्यायाचा दुसरा एक प्रकार या मोजणीत दिसतच नाही. तो भाषेत व कथनात असतो. स्वमग्नतेसंबंधी यंत्रणा रचणाऱ्या संशोधकांचे लेखन तपासून त्यांनी दाखविले की, त्यांतून उभी राहणारी स्वमग्न व्यक्तीची प्रतिमा वारंवार माणूसपण नाकारणारी असते. अशा प्रतिमेवर रचलेली यंत्रणा अगदी अचूक चालली, तरी अन्याय कमी होत नाही. उलट तो अचूकपणे होत राहतो.

मराठी वाचकासाठी हा मुद्दा शब्दापासूनच सुरू होतो. ग्रीक भाषेतील ‘स्व’ या अर्थाच्या शब्दावरून ब्लॉइलर यांनी 1911 मध्ये ‘ऑटिझम’ ही संज्ञा योजिली. लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये अकरा मुलांच्या वर्णनासाठी ती वापरली. आपण तिचे ‘स्वमग्नता’ असे भाषांतर केले. ‘स्वतःत मग्न’ म्हटले की इतरांशी देणेघेणे नसलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. शब्द रूढ आहे, शासकीय कागदपत्रांतही आहे, म्हणून प्रस्तुत लेखातही तोच वापरला आहे. पण तो निर्दोष नाही.

या प्रतिमेला प्रयोगाचाही छेद मिळालेला आहे. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या समाजशास्त्रज्ञाने 2012 मध्ये असे मांडले की, स्वमग्न व इतर व्यक्तींमधील विसंवाद हा दुहेरी असतो. दोन्ही पक्षांना परस्परांचे मन कळत नाही. पुढे 2020 मध्ये क्रॉम्प्टन व सहकाऱ्यांनी आठ-आठ जणांच्या साखळ्या करून एक गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे सांगत नेली. केवळ स्वमग्न व्यक्तींच्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच नीट पोचली. मिश्र साखळीत मात्र तिचा तपशील अधिक गळाला. म्हणजे दोष एका व्यक्तीच्या ठायी नसून दोन रीतींच्या सांध्यावर आहे. यंत्रणा मात्र त्या सांध्याची एकच बाजू मोजते.

एकाच नजरेची दोनदा मोजणी

ही मोजणी नोकरीच्या दारात कशी होते? हायरव्ह्यू या अमेरिकी कंपनीची यंत्रणा दृक्‌श्राव्य मुलाखतीतील उमेदवाराच्या चेहऱ्याच्या हालचालींचेही विश्लेषण करीत असे. 2019 मध्ये तिच्याविरुद्ध तेथील व्यापार आयोगाकडे तक्रार झाली आणि चेहऱ्याचे विश्लेषण बंद केल्याचे कंपनीने जानेवारी 2021 मध्ये जाहीर केले. युरोपीय संघाने कामाच्या ठिकाणी व शिक्षणसंस्थांत भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर, वैद्यकीय व सुरक्षेचे अपवाद वगळता, 2 फेब्रुवारी 2025 पासून बंदी लागू केली. भारतात अशी थेट बंदी नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या कलम 7 मध्ये तर रोजगाराच्या प्रयोजनासाठी संमतीवाचून विदा वापरण्याची मुभा आहे.

आता भारतीय स्वमग्न तरुणाची स्थिती पाहावी. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यातील सात प्रकारांत स्वमग्नता नव्हती. 2011 च्या जनगणनेतही तिचा स्वतंत्र रकाना नव्हता. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने 21 प्रकारांत तिचा समावेश केला आणि कलम 34 अन्वये शासकीय आस्थापनांतील चार टक्के आरक्षणापैकी एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता यांना मिळून दिला. हे आरक्षण मिळण्यास किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. त्यासाठी सिकंदराबाद येथील राष्ट्रीय संस्थेने विकसित केलेली, 40 विधानांची भारतीय मूल्यमापन श्रेणी वापरात आली. तिचे पहिलेच विधान नजरेला नजर न देण्याविषयी आहे. प्रमाणपत्रासाठी जी नजर पुरावा म्हणून मोजली जाते, तीच मुलाखतीत उणीव म्हणून मोजली जाते. कायद्याने दिलेला हक्क आणि यंत्राने दिलेला नकार यांचा आधार एकच आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

याची उलट बाजूही सांगितली पाहिजे. सॅप या जर्मन कंपनीने 2013 मध्ये डेन्मार्कच्या स्पेशलिस्टर्ने संस्थेच्या साहाय्याने स्वमग्न व्यक्तींच्या भरतीचा कार्यक्रम जाहीर केला. त्याचा आरंभीचा प्रयोग बंगळूर येथे संगणक-आज्ञावलींच्या तपासणीच्या कामावर झाला होता. उपक्रम स्वागतार्हच. मात्र ‘स्वमग्न माणूस कंटाळत नाही, चूक सोडत नाही’ अशी त्याची भलामण होऊ लागते, तेव्हा माणसाला यंत्रासारखा ठरविणारे तेच कथन स्तुतीच्या वेषात परत येते. ज्याला तपासणीचे काम जमत नाही, अशा स्वमग्न व्यक्तीला या स्तुतीत जागा नाही.

वडसा परिसरातून पाहता

हा प्रश्न पुणे-बंगळूरचा, आपल्या झाडीपट्टीचा नव्हे, असे वाटणे साहजिक आहे. ते बरोबर नाही. तेंदूपत्ता संकलन केंद्रावर पुडे मोजले जातात. पुडे आणणाऱ्याने मोजणाऱ्याकडे पाहिले काय किंवा न पाहिले काय, हिशेबात फरक पडत नाही. ज्याचे बोलणे कमी आणि रीत निराळी, असा माणूस अशा कामात खपून जातो. त्याला निदान नसते आणि त्याची गरजही भासत नाही. परंतु ग्रामीण रोजगार हमीच्या कामांवर 1 जानेवारी 2023 पासून भ्रमणध्वनीवरील हजेरी सक्तीची झाली. दिवसातून दोनदा, स्थळकाळाच्या नोंदीसह मजुरांचे छायाचित्र घ्यावयाचे, अशी तिची रीत. गैरव्यवहार रोखणे हा हेतू रास्त होता. पण गर्दीत, ठरल्या वेळी, कॅमेऱ्यापुढे उभे राहणे हा त्यामुळे मजुरीचाच भाग झाला. गर्दीचा गोंगाट ज्याला सोसत नाही, त्याने खोदलेली माती तेवढीच असली तरी छायाचित्रात तो नसेल, तर मस्टरवरही नसण्याचा धोका निर्माण झाला. पूर्वी मेट त्याला ओळखून त्याची हजेरी लावू शकत होता.

सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात दिलेला निर्णय येथे मार्गदर्शक ठरतो. बँकेच्या डिजिटल ओळख-पडताळणीत डोळे मिचकावण्याची अट होती. ॲसिड हल्ल्यातील पीडित व अंध व्यक्तींना ती पूर्ण करता येत नव्हती. न्यायालयाने डिजिटल सुविधांची प्राप्ती हा अनुच्छेद 21 मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि वीस निर्देश दिले. त्यांत डोळे मिचकावण्याला पर्याय ठेवण्याचाही समावेश आहे. हाच न्याय हजेरी व मुलाखतीला लावता येईल. 2016 च्या कायद्यातील ‘वाजवी सोयी’ची संकल्पना त्यासाठी पुरेशी आहे : प्रश्न आधी लेखी देणे, मुलाखतीऐवजी प्रत्यक्ष कामाचा नमुना पाहणे, चेहऱ्याच्या हजेरीस स्वाक्षरीचा पर्याय ठेवणे. कलम 21 नुसार प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण तयार करून नोंदवावयाचे असते. महाविद्यालय, नगरपरिषद किंवा वन विभाग यांपैकी कोणीही नवे हजेरीयंत्र खरेदी करताना हे पर्याय निविदेच्या अटींतच लिहून घेऊ शकतो. यंत्र भिंतीवर बसल्यानंतर तीच सोय मागण्यासाठी एका कर्मचाऱ्याला आपले निदान सर्वांपुढे उघड करून अर्ज करावा लागतो.